चार वर्षांचं पथ्य

चार वर्षं मी यांच्या पानात दही वाढलं नाही. दही नाही, ताक नाही, केळं नाही, दूध तर घोटभरसुद्धा नाही. आणि मला त्याचा अभिमान होता. गल्लीत कुणी विचारलं, "भाई साहब की तबीयत कैसी है?" तर मी आधी पथ्याची यादी ऐकवायचे, तब्येतीचं मागाहून.

हे मूळचे सांगलीकडचे. एका सरकारी कारखान्यात नोकरी लागली म्हणून झाशीला आले, आणि इथलं स्थळ, म्हणजे मी, सांगून आले म्हणून इथलेच झाले. मी पक्की इथली. माझ्या माहेरचे पूर्वज कधीकाळी फौजेबरोबर या मुलखात उतरले, ते परत गेलेच नाहीत. आमच्या घरातल्या मराठीत निम्मी हिंदी असते. लग्नानंतर कितीतरी वर्षं हे माझ्या बोलण्याला हसायचे. मी म्हणायचे, बोलण्याला हसा, माझ्या स्वयंपाकाला हसायचं नाही. स्वयंपाकाला ते कधी हसले नाहीत, हे कबूल करते.

कारखान्यात तीसेक वर्षं काढली, तितकीच वर्षं सिगारेट ओढली. निवृत्तीच्या थोडं आधी सिगारेट सुटली, खोकला सुटला नाही. मग जिना चढताना दम, मग आंघोळ करताना, मग नुसतं बोलताना. आम्ही झाशीतल्याच नगरा भागात तळमजल्याचं घर घेतलं होतं ते बरं झालं असं तेव्हा वाटलं. मोठ्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, सीओपीडी. म्हणाले, फुप्फुसाचं जे गेलं ते परत येत नाही, उरलंय ते सांभाळा. तोंडाने ओढायचा पंप लिहून दिला. खाण्यापिण्याचं काय, असं मी विचारलं तोवर पुढचा पेशंट आत येऊन उभा होता. "अच्छा खिलाइए," एवढंच ते म्हणाले. अच्छा म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नाही, असं मी तेव्हा मनात म्हटलं.

माझ्या माहेरी घरात आजार आला की पहिल्यांदा पान बदलायचं. औषध दुसऱ्या दिवशी आलं तरी चालेल, पथ्य त्याच दिवशी सुरू. आई सांगायची, कफाच्या माणसाचं पान हलकं हवं. दही-दूध-केळं कफ करतात, म्हणून गेलं. पेरू, सीताफळ, शेंगदाणे गेले. तूप घशाला चिकटतं म्हणून तेही गेलं. रात्री जेवल्यावर यांना दम जास्त लागायचा, हे तर मी डोळ्यांनी बघत होते, म्हणून रात्रीचं जेवणच काढून टाकलं आणि दिवेलागणीला नुसती पेज सुरू केली. उरलं काय, तर मुगाचं कढण, दुधी, परवर आणि कोरडा फुलका. सुंठीचा काढा वरून.

"खाईन तर तुपाशी, नाही तर उपाशी," एकदा पानाकडे बघून हे म्हणाले. "तू त्यातला पुढचा भाग धरून बसलीस."

मी हसले. तेही हसले, आणि हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली. मी पाठ चोळत मनात म्हटलं, बघा, तूप न देता ही गत, दिलं असतं तर काय झालं असतं.

पानानंतर मी हात घातला तो मोज्यांना. वाकलं की यांना धाप लागायची. एका सकाळी मोजा हातात घेऊन नुसते बसले होते. मी खाली बसले आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला.

"अगं, राहू दे, मी घालतो," ते म्हणाले.

"बसा हो," मी म्हटलं.

तिथून ते सुरू झालं. ते पाण्याला उठले की मी म्हणायचे, बसा, मी आणते. टॉवेलला उठले, बसा, मी आणते. चष्म्याला, पेपरला, दार उघडायला, सगळ्याला तेच. पुढे आंघोळीचं पाणी मी अंगावर घालू लागले, शर्टाची बटणं मी लावू लागले. शेजारच्या बायका म्हणायच्या, ऐसी सेवा आजकल कौन करता है. मी वरवर नाही-नाही म्हणायचे आणि घरी येऊन आणखी एक काम त्यांच्या हातातून काढून घ्यायचे.

एक गोष्ट मात्र बराच काळ माझ्या हाती लागली नव्हती, ती म्हणजे दाढी. निवृत्त झाल्यापासून हे एक दिवसाआड दाढीला न्हाव्याच्या दुकानात जायचे. प्रेम नगरच्या वळणावर दोन खुर्च्यांचं दुकान. पूर्वी आमच्या दारातून तिथे पोचायला सात मिनिटं लागायची, पुढे पंधरा लागू लागली, मग वाटेत दोनदा कुणाच्या ओट्यावर टेकून पंचवीस. तिथे हिंदी पेपर वाचायचा, कुणाच्या तरी बुंदेली भांडणात पडायचं, आणि गाल गुळगुळीत करून परत यायचं. आल्यावर अर्धा तास नीट बोलता यायचं नाही, पण चेहरा वेगळा असायचा. मला तो चेहरा दिसायचा आणि तरी मी त्या धापेकडेच बघायचे.

तिसऱ्या थंडीत मी ते बंद केलं. धूळ आहे, धुकं आहे, पडाल कुठेतरी. रेझर आणला आणि दाढी मीच करू लागले. ते मान वर करून भिंतीकडे बघत बसायचे. भाजीला जाताना दुकानावरून गेले की न्हावी विचारायचा, "काए माताजी, बाबूजी नईं आ रए?" मी सांगायचे, आता घरीच करतो आम्ही. तो वस्तरा पुसत मान हलवायचा.

या सगळ्यात हे वाळत चालले होते. मला दिसत नव्हतं असं नाही. पँट राहीना म्हणून मी स्वतः खिळा तापवून पट्ट्याला भोक पाडलं. काही महिन्यांनी दुसरं, मग तिसरं. आजारी माणूस वाळायचाच, असं म्हणून मी खिळा परत खणात ठेवायचे. माझ्याइतकं बारीक लक्ष कुणाचं नसेल, अशी माझी समजूत होती. ती भोकं मीच पाडत होते आणि एकदाही थांबून विचार केला नाही.

गेल्या श्रावणात छातीत संसर्ग झाला आणि यांना इस्पितळात ठेवावं लागलं. तिथे एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी सगळ्यात आधी वजन केलं. सत्तेचाळीस किलो. पूर्वी किती होतं, त्यांनी विचारलं. हे म्हणाले, अडुसष्ट. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं नाही, कागदावर काहीतरी लिहिलं आणि फिजिओथेरपीच्या बाईंना बोलावून घेतलं.

बाई म्हणजे मुलगीच ती, टहरौलीकडची, माझ्या मुलापेक्षा लहान. तिने यांना खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "अंकल जी, हाथ छाती पर रखिए. अब बिना सहारे उठिए, फिर बैठिए. जितनी बार हो सके."

हे तीनदा उठले. चौथ्यांदा अर्धे उठले आणि खाली बसले. मी पुढे झाले, तिने मला हातानेच थांबवलं.

"घर में खुद क्या-क्या करते हैं?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "कुछ नहीं. मैं कुछ करने ही नहीं देती."

हे मी ज्या आवाजात म्हटलं तो आवाज मला अजून ऐकू येतो. शाबासकीची वाट बघणारा आवाज होता तो. मुलीने पेनाला टोपण लावलं. मग विचारलं, खातात काय. मी सगळी यादी म्हणून दाखवली, काय देत नाही तेही सांगितलं, एक पदार्थ विसरले नाही. तिने मध्ये तोडलं नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "आंटी जी, साँस भी मसल्स से ही ली जाती है."

मग तिने नीट समजावून सांगितलं. यांना एकेक श्वास घ्यायला दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त ताकद लागते, ती ताकद जेवणातून यायची, आणि ती आली नाही म्हणून शरीराने मांड्या-दंडांचं मांस खायला काढलं. दुधा-दह्याने यांचा कफ वाढेल ही भीती खोटी, घशाला चिकटल्यासारखं वाटलं तर वर घोटभर पाणी प्यावं. पोट एकदम भरलं की छातीला जागा राहत नाही, रात्रीचा दम त्याचा होता, त्यावर उपाय जेवण तोडणं नव्हता, थोडं थोडं सहा वेळा खाणं होता. अंडं, पनीर, डाळ, दही, शेंगदाणे, वर तूप. आणि हालचाल. बसून राहिलं की पाय विसरतात, मग थोडं चाललं तरी जास्त दम लागतो, मग माणूस आणखी बसतो. "दम फूलने से मत डरिए," ती म्हणाली, "बैठ जाने से डरिए."

तुम्ही यांना उपाशी ठेवलंत, असं ती म्हणाली नाही. ते मी माझं मलाच इस्पितळाच्या जिन्यात म्हटलं, आणि तिथेच कठड्याला धरून उभी राहिले. अति तिथे माती हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आले होते.

घरी सोडताना मुलीने यांना विचारलं, अंकल जी, आपल्याला काय करता यायला हवं असं वाटतं, आपण तिथवर जायचं ठरवू. मला वाटलं, हे सांगली म्हणतील, नाहीतर मुलाकडे पुण्याला जायचं म्हणतील. यांनी एक क्षणही लावला नाही.

"नाई की दुकान," ते म्हणाले. "पैदल. अकेले."

मी खाली बघितलं.

ती आठवड्यातून एकदा घरी येऊ लागली. आधी पंप ओढायचा, मग पंधरा मिनिटांनी चालायचं. नाकाने श्वास घ्यायचा आणि ओठ शीळ घालायला करतो तसे करून सावकाश सोडायचा. समोर मेणबत्ती आहे समजा, ज्योत हलली पाहिजे, विझता कामा नये. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र दिलं, आकडा अठ्ठ्याऐंशीच्या खाली गेला तर थांबायचं. पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या दोन हातांत घेऊन वर-खाली करायच्या. आणि चालताना एक पूर्ण वाक्य बोलता येतंय का ते बघायचं. आलं तर चालत राहा, मध्येच तुटलं तर थांबा.

यांनी आपलं वाक्य ठरवून टाकलं. "आज मला दुकानात जाऊन दाढी करायची आहे." फाटकापाशी एकदा म्हणायचं, पहिल्या विजेच्या खांबापाशी एकदा. मी घडीचं स्टूल घेऊन मागून चालायचे. हात धरायचा नाही, पुढे व्हायचं नाही, अशी मुलीची सक्त ताकीद होती. म्हणून स्टूल काखेत आणि हात पाठीमागे बांधून मी गल्लीतून निघायचे. लोक हसायचे. हसू देत.

मोज्यांचंही तसंच. पाय उंच पाटावर ठेवायचा, म्हणजे वाकावं लागत नाही, आणि मोजा स्वतः चढवायचा. दहा दहा मिनिटं लागायची. मी दाराआड पदर तोंडात धरून उभी राहायचे. कितीदा वाटलं, आत जावं आणि एका झटक्यात घालून टाकावा. ते दहा मिनिटांचं उभं राहणं मला त्यांच्या चालण्यापेक्षा जड गेलं, हे खोटं सांगत नाही.

आणि अंडं. माझ्या स्वयंपाकघरात लग्नापासून अंडं आलं नव्हतं. यांना खायचं असेल तर बाहेर खाऊन यायचे, तोंड धुऊन घरात. आता मी बाजारातून वेगळं पातेलं आणलं आणि मागच्या शेगडीवर पहिलं अंडं उकडायला ठेवलं. किती वेळ ते माहीत नव्हतं. फुटून पांढरं बाहेर आलं. मी ते बशीत घालून समोर ठेवलं.

"तुझ्या आईला कळलं तर?" हे म्हणाले.

"आई आहे कुठे आता."

"मग थोडी मिरपूड पण दे."

नवरात्रापर्यंत हे दुसऱ्या खांबाच्या पुढे, कडुलिंबापर्यंत पोचले. तिथून वळण दिसतं आणि न्हाव्याच्या दुकानाचं निळं शटर दिसतं. वजन दोन किलो वाढलं. खुर्चीतून आठ वेळा उठता येऊ लागलं. कडुलिंबाखाली स्टुलावर बसून हे त्या शटरकडे बघायचे आणि आपलं वाक्य म्हणायचे, शेवटचा शब्द जरा ओढत, पण पूर्ण. दिवाळी झाली की जाऊ, असं आम्ही ठरवलं.

दिवाळीनंतर इथली हवा बिघडते. फटाक्यांचा धूर खाली बसतो, मग धुकं, मग गल्लीच्या टोकाला रोज सकाळी कचरा पेटवून शेकणारे लोक. मुलीने आधीच सांगून ठेवलं होतं, बाहेर जायचं नाही, पण घरात चालणं चुकवायचं नाही, स्वयंपाकघर ते पुढचं दार अशा वीस फेऱ्या. आणि मग तिच्या घरी लग्न होतं म्हणून ती तीन आठवडे टहरौलीला गेली.

ती गेल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी यांच्या छातीतून बारीक शीळ येऊ लागली. फेऱ्या मारल्यावर बोटावरचा आकडा नव्वदच्या खाली आला, एकोणनव्वद. अठ्ठ्याऐंशी अजून एक खाली होता. पण मी खुर्ची पुढे ओढली. "आज नको," मी म्हटलं, "बसा." दुसऱ्या दिवशीही म्हटलं, आज नको. आणि दही. थंडीत दही कशाला, असं म्हणून मी वाटी पानावरून उचलली. चार दिवसांत शीळ थांबली. मला वाटलं, औषधावाचून खोकला गेला, माझंच बरोबर होतं. मोजेही मी घालू लागले, फरशी गार होती म्हणून.

पहिल्या वेळी मला माहीत नव्हतं. या वेळी माहीत होतं. हे मी स्वतःला रोज सांगते.

मुलीचा टहरौलीहून फोन आला. "अंकल जी चल रहे हैं ना रोज़?"

"हाँ, रोज़," मी म्हटलं. "बीस चक्कर. दही भी खा रहे हैं."

हे समोरच बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग टीव्हीकडे. फोन ठेवल्यावर मी वाट बघितली, काही म्हणतील म्हणून. ते का बोलले नाहीत, थकले होते, की माझी कीव आली, की त्यांनाही बसून राहणं सोपं वाटलं, हे मी आजवर विचारलेलं नाही.

ती परत यायच्या दोन दिवस आधी ताप आला. पुन्हा इस्पितळ, तोंडावर घट्ट मास्क, अकरा दिवस. घरी आलो ते ऑक्सिजनच्या मशीनसकट. आता ते पलंगाशेजारी दिवसभर घुरघुरतं. नाकातली नळी पलंगापासून पुढच्या व्हरांड्यातल्या खुर्चीपर्यंत पुरते, फाटकापर्यंत पुरत नाही. लाईट गेली की इन्व्हर्टरवर चालतं, आणि इन्व्हर्टरचा दिवा लाल झाला की मी देवापुढे उभी राहते, दुसरं काही करता येत नाही म्हणून.

मुलगी आली. यांना खुर्चीतून एकदाही उठता आलं नाही. मी तिला फोनवरचं खोटं सांगून टाकलं, तिथेच, यांच्यासमोर. तिने माझा हात धरला. "इन्फ़ेक्शन तो वैसे भी हो सकता था, आंटी जी." डॉक्टरही म्हणाले, सांगता येत नाही. पुण्याहून मुलगा म्हणतो, "आई, तू खुद को दोष नको देऊ ना." मराठी त्याला कळते सगळी, बोलताना असं होतं. कुणी मला बोललं नाही. बोललं असतं तर मी भांडले असते, भांडायला मी कमी नाही. पण सगळे समजूतदार निघाले, आणि मी एकटी पडले.

आता मी सगळं वाढते. दही, पनीर, शेंगदाण्याची चटणी, मऊ भातावर तुपाची धार. वरातीमागून घोडं. सहा वेळा सहा वाट्या. हे दोन घास खातात आणि थांबतात. चावायचं की श्वास घ्यायचा, यातलं एकच एका वेळी होतं. जेवायलाही श्वास लागतो हे मला इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं. दह्याची वाटी दुपारपर्यंत आंबते, मग ती मी खाते. टाकवत नाही. या थंडीत वाढलंय ते माझं वजन.

मुलगी अजून येते. पलंगावर पडल्या पडल्या पाय उचलायला लावते, बाटल्या सोडून रिकामे हात वर करायला लावते. वाक्याचं तिने विचारणं सोडून दिलंय. परवा परवापर्यंत हे "दाढी करायची आहे" इतकं म्हणायचे. मग "दाढी" एवढंच. मी त्यांच्या गालाला हात लावायला गेले तर त्यांनी मान वळवली. माझ्याकडून नको, हे मला समजलं. म्हणून मी जाऊन न्हाव्याला घरी बोलावलं.

तो त्याची पेटी घेऊन आला. माझी अपेक्षा होती की तो घाबरेल, नळी, मशीन बघून. घाबरला नाही. त्याने आधी विचारलं, पंखा किती ठेवू. वासाचं काही लावलं नाही, नुसतं गरम पाणी आणि साबण. नळी एका बोटाने बाजूला धरून वरच्या ओठाची दाढी त्याने इतक्या हळू केली की मी बघत राहिले. मी हात पाठीमागे बांधून उभी होते, आता ती सवयच झाली आहे. मध्येच यांना धाप लागायची, तेव्हा तो वस्तरा हवेत धरून थांबायचा आणि गल्लीतलं काहीबाही सांगायचा, कोण कुणाशी भांडलं, कुणाची म्हैस कुठे घुसली. यांचे डोळे त्याच्याकडे लागले होते. तसे ते माझ्याकडे बऱ्याच दिवसांत लागले नव्हते.

शेवटी त्याने छोटा आरसा समोर धरला. "ठंड निकर जाए तो दुकान पै आइयो, बाबूजी. कुर्सी नई लई है, पीछे खों झुकत है."

यांनी मान हलवली. तो गेला. फाटक लावायला मी बाहेरपर्यंत गेले, कडुलिंबापर्यंतचा रस्ता रिकामा होता.

परत आले तर हे खुर्चीतच होते, गाल गुळगुळीत, हातात एक मोजा. पाट पायाशी ठेवलेला होता, मीच ठेवला होता सकाळी. मला फार आनंद झाला, खरंच झाला. मी आवाज न करता मागे फिरले आणि दाराआड जाऊन उभी राहिले, पूर्वीसारखी. दहा मिनिटं असतील, पंधरा असतील. मशीनच्या घुरघुरीखेरीज काही ऐकू येईना.

मग त्यांनी खुर्चीच्या हातावर दोनदा बोटं आपटली. मी आत गेले. मोजा तसाच हातात होता. पाय पाटावर नव्हता.

"मोजा," ते म्हणाले, आणि पाय माझ्याकडे पुढे केला.

मी तशीच उभी राहिले. अगं, राहू दे, मी घालतो, असं ते म्हणतील म्हणून थांबले. त्यांनी पाय मागे घेतला नाही. मग मी खाली बसले, त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि मोजा घातला.